खातं कुणाचं आहे?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रांगेत एका नर्सच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या.

"फोन पूर्ण कोरा करून द्या," लेक म्हणाली.

"आधी फोनमधल्या खात्यातून बाहेर पडा," दुकानदार म्हणाला. " नाहीतर कोरा केल्यावरही फोन जुनाच पासवर्ड मागेल."

"खातं नवऱ्याचं आहे. मी कुठे जाते ते त्यांना घरबसल्या दिसतं."

"मग पासवर्ड त्यांनाच विचारा."

"अहो, त्याला सोडून आलीय ती!" आई म्हणाली.

"बरं, आतले फोटो तरी काढून घेऊ?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्या मुलीचे तेवढे घ्या," लेक म्हणाली. " तिला त्यांनी ठेवून घेतलंय."

दुकानदाराने फोनला वायर जोडली.

"तुमचं काय, ताई?" त्याने नर्सला विचारलं.

"काच फुटलीय." नर्सने फोन पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "आमच्या ह्यांनीच चालू करून दिला होता. आत खातं कुणाचं आहे, तेवढं आधी बघता?"