रिकाम्या ट्रकचं वजन

कॉन्स्टान्त्सा बंदरावर वजनकाट्याची रांग म्हणजे नुसती छळवणूक! वडिलांच्या ट्रकमध्ये इलिंका जांभया देत बसली होती. पुढचा नेकुलाईकाकांचा ट्रक गहू उतरवून पुन्हा काट्यावर चढला, तशी काटेवाली सोरिना खिडकीतून ओरडली, आणि इलिंकाने काच खाली केली.

"काका, काकूंना आत बसवा, मग रिकामं वजन घेते!"

"घे की तसंच."

"तसंच कसं? भरलेल्या वजनाला जेवढी माणसं, तेवढीच रिकाम्याला. मागे काकू कॉफीला पळाल्या आणि त्यांचं वजन गव्हात धरलं गेलं. विसरलात?"

"कसा विसरेन? म्हणाली होती, मला गव्हाच्या भावात विकलंत!"

"मग मारा हाक. कँटीनमध्येच असतील."

"नाही गं तिथे."

"काका, माझ्या नोकरीवर येईल हं. मघाशी भरलेलं वजन घेताना त्या तुमच्या शेजारी होत्या. निळा कोट मी स्वतः बघितला."

"कोटच होता."

"म्हणजे?"

"सीटला पट्टा लावून बसवलाय. ती जागा रिकामी बघवत नाही मला."

"अगं बाई... कधी?"

"ईस्टर झाल्यावर."

मागून कोणीतरी कर्कश हॉर्न वाजवला.

"ए, थांब जरा! मेला कुठला!... काका?"

"बोल."

"कोट आहे ना अजून आत?"

"आहे."

"मग झालं तर. घेते वजन."