लिंडेन रस्त्यावरील ग्राहकांच्या गाड्यांबाबत

नाव बर्निस गोराल्स्की, वय ६१ वर्षे, धंदा बेकरी, राहणार बेकरीच्याच वरच्या मजल्यावर, लिंडेन रस्ता, मिलवॉकी. आज ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ती हकीकत अशी की,

माझ्या बेकरीशेजारी माझे दीर रोलंड गोराल्स्की यांचे फर्निचरचे दुकान आहे. ते आमच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष आहेत. त्यांच्याविरुद्ध कोणी उभे राहत नाही, कारण उभे राहिलेल्याशी ते वर्षभर बोलत नाहीत.

रस्त्याच्या एका बाजूचे पार्किंग काढून फुटपाथ रुंद करण्याचे नगरपालिकेच्या मनात आहे. त्याआधी इथे लागणाऱ्या गाड्यांपैकी ग्राहकांच्या किती, याचा अंदाज घ्यायला नगरपालिकेतर्फे योलांडा प्रूइट या बाई शनिवारी येणार होत्या. गाडीतून उतरणाऱ्याला कुठल्या दुकानात चाललात, एवढेच त्या विचारणार होत्या. संघाची बैठक माझ्या बेकरीत झाली. सर्वांनी माझे डोनट खाऊन असे ठरवले की, पार्किंग जाऊ नये म्हणून शनिवारी प्रत्येकाने आपापली गाडी सकाळीच रस्त्यावर लावावी आणि हातात पिशवी घेऊन ग्राहकासारखे हिंडावे. मीही माझी व्हॅन लावली.

त्यामुळे शनिवारी आमच्या रस्त्यावर ग्राहकांची इतकी गर्दी होती की, एकाही ग्राहकाला गाडी लावायला जागा मिळाली नाही. दर शनिवारी माझ्याकडे राय ब्रेड न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या बाई दोन-तीन चकरा मारून, गाडीतूनच मला हात करून परत गेल्या.

दुपारी रोलंड आपल्या उभ्या पिकअपमध्ये एका दाराने चढले व दुसऱ्या दाराने उतरले. प्रूइटबाईंनी त्यांना कुठल्या दुकानात चाललात असे विचारले. "फर्निचरच्या. फार छान दुकान आहे," असे ते म्हणाले.

"असेल. सकाळी त्याचं कुलूप तुम्हीच उघडलंत," असे बाई म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. समोरचे न्हावी हसले. रोलंड यांना कोणी हसलेले चालत नाही. त्यांनी बाईंना दोन्ही हातांनी ढकलले. बाई फुटपाथच्या कडेवर कंबर आपटून पडल्या. त्यांना उठता येईना.

अँब्युलन्स आली. गाड्या एकमेकींना खेटून लावलेल्या असल्याने मधून स्ट्रेचर निघेना. गाड्या कोणाच्या आहेत, एक तरी काढा, असे अँब्युलन्सवाल्याने ओरडून विचारले. मालक सगळे तिथेच पिशव्या धरून उभे होते. परंतु काढली तर कोणाची ते दिसले असते. म्हणून त्या वेळी त्या गाड्या कोणाच्याच नव्हत्या. बाई कण्हत नव्हत्या. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्याकडे बघू लागल्यावर मी ॲप्रनमधून किल्ली काढून व्हॅन हलवली. त्या जागेतून स्ट्रेचर गेले. दुसरी कोणतीही गाडी संध्याकाळपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी रोलंड माझ्याकडे मागच्या दाराने आले. "बर्निस, तू फुटपाथ धुतला होतास, त्यावरून ती घसरली, असं सांग. तुझा विमा आहेच," असे ते म्हणाले. मी फुटपाथ धुतला नव्हता, असे मी सांगितले.

"मग आता धू," असे ते म्हणाले.

माझे पती गेले त्या हिवाळ्यात माझी भट्टी त्यांनीच येऊन दुरुस्त केली होती, याची त्यांनी आठवण करून दिली. ते खरे आहे. भट्टी अजून उत्तम चालते. मी त्यांना कॉफी दिली. फुटपाथ धुतला नाही.

संघातून माझे नाव कमी केल्याचे कळते. पुढची बैठक कुठे व कोणाचे डोनट खाऊन होणार, याची मला माहिती नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. घरातलेच माणूस आहे, तेव्हा 'ढकलले' ऐवजी 'धक्का लागला' असे लिहू का, असे मला विचारण्यात आले. मी नको म्हणाले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणेच आहे.

सही
बर्निस गोराल्स्की