वाकडी भिंत

गडचिरोलीच्या बसस्टँडवर रिना टेकडीवरच्या जुन्या बंगल्याचा स्वतः मोजून काढलेला नकाशा गुंडाळत होती, तेव्हा मागच्या बाकावरचं बोलणं कानी आलं.

"मनकर्णाबाई, टेकडीवरचा आपला बंगला पाडत नाईत म्हणे आता. जपून ठेवणार हायेत."

"आपला कायचा, नूरुद्दीनभाऊ? तुमी मिस्त्री, मी गारा वाहणारी रेजा. बंगला सायबाचा."

"कालेजची पोरं आली होती. त्या वाकड्या भिंतीचेच शंभर फोटो काढले. म्हणत, सायबाचं डोकं काय भारी!"

"भारीच होते सायब."

"सायबानं तं कागदावर सरळच काढली होती. पायव्याची दोरी म्या वाकवली."

"काऊन जी?"

"सरळ गेलो असतो तं मोहाचं झाड तोडा लागलं असतं. अन् त्याच्या फांदीले तुमच्या लुगड्याचा पाळणा होता."

"मंग मले सांगाचं न, पाळणा सोडा म्हणून!"

"कसं सांगू? तुमचा अश्वजित नुकताच झोपला होता."



रिनानं नकाशा पुन्हा उलगडला, वाकड्या भिंतीपाशी लिहिलेलं 'आर्किटेक्टची कल्पना' खोडलं आणि मागे वळली.

"चाचा, ती फांदी कोणत्या बाजूले होती?"