होडीचं चित्र

तुम्ही चाचण्यांवर फार विश्वास ठेवता म्हणून सांगतो. मी हर्णेला शिक्षक असताना मुलांची निरीक्षणशक्ती मोजायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. भर पावसात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीचं चित्र दाखवून त्यांनी तिसरीतल्या सायलीला विचारलं, "यात काय चुकलंय?"

"होडी झाकलेली नाय."

मॅडमनी शून्य दिलं. म्हणजे पोरगी कच्च्या मुलांच्या यादीत जाणार.

"अगं, होडी पाण्यात हवी ना?" त्यांनी समजावलं.

"पावसात?" सायलीला त्यांची काळजीच वाटली. "बुडेल ती. बाबा वर ओढून माडाच्या झापांनी झाकतात."

मी हळूच विचारलं, "मॅडम, ही चाचणी नेमकं काय मोजते?"

त्यांनी शून्य खोडलं. "आज तरी, मी समुद्र किती पाहिलाय ते."