शेजारणीची पोरगी

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर श्यामलाबाई बसल्या होत्या. मागच्या बाकावर बाळासो मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी नावं गोळा करत होता.

"आक्का, धा पोरं दावल्याबिगर सरकार ग्रँट देत न्हाय. नऊ झाल्यात. तुमच्या घरात कोण हाय?"

"न्हाय बाबा! थोरलीला उजवायची हाय अजून."

"मग गावात?"

"शेजारणीची हाय की. गोदा. आठ वर्सांची."

"कायच ऐकू येत न्हाय?"

"न्हाय. पर मी भुईवर पाय आपटला की पळत येती, पदराला धरती."

"लिवतो. आईचं नाव?"

श्यामलाबाईंची गाडी लागली, पण त्या उठल्या नाहीत.

"लिवा. श्यामलाबाई."

"आन् तुमचं वो, आक्का?"

"त्येच की."