डाव्या डोळ्याचा लाल

—नाही हर्षद, खोड ते. 'विटणे' म्हणजे नुसतं 'कंटाळणे' नव्हे. तेही आहे, पण आधी रंग विटतो, मग मन विटतं. उन्हात राहिलेलं लुगडं विटतं — लुगडं तेच, वीण तीच, धागा कुठे तुटलेला नाही, फक्त रंगातला जीव गेलेला. 'फिकट' निराळं. फिकट हे मुळातच फिकट असू शकतं, त्यात कुणाचं काही बिघडलेलं नसतं. विटायला आधी काहीतरी असावं लागतं आणि ते जावं लागतं. नववीत शिकवलं होतं तुम्हाला — तू खिडकीबाहेर बघत असशील, आता बातमीदार झालास म्हणून वहीत उतरवतो आहेस. उतरव. माझ्या मुलीच्या डोळ्याची सगळी हकिकत या एका क्रियापदात आहे, आणि ज्याच्यासाठी तू आलास ते यंत्र या हकिकतीत फार उशिरा येतं.

जानेवारीत भार्गवी बाजारात गेली होती. जयगडच्या बंदरात नोकरी करते ना, म्हणून मासळी आणायची ती सुट्टीच्याच दिवशी, आणि तीही मासळीवाल्या सकिनाकडूनच. तिने बांगड्याचा कल्ला उचलून पाहिला — ताज्या मासळीचा आतून लालभडक असतो — आणि म्हणाली, विटलाय, शिळा आहे. सकिना ऐकून घेणारी? "काय गो, आत्ता होडीतून उतरला नि तुला शिळा? डोळे तुझ्या बापाच्या, हरिहर सरांच्या टेबलावर ठेवून आलीस काय?" — चेष्टाच ती. भार्गवीनेही चेष्टेतच एक डोळा झाकला. मग दुसरा झाकला. उजव्याने पाहिलं तर कल्ला रक्तासारखा लाल, आणि डाव्याने — ती मासळी न घेताच घरी आली. मी इथेच बसलो होतो, शुद्धलेखनाच्या पुस्तिकेची मुद्रितं तपासत. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, माझ्या डाव्या डोळ्याला लाल रंग विटतोय." आता बाप काय म्हणेल? तूच सांग. — राहू दे, तू नाही सांगायचास. मी म्हणालो, "डोळ्याला विटतो, हा प्रयोग चूक. वस्तूचा रंग विटतो. डोळ्याला फार तर फिकट दिसतं." मान वर केली नाही. ती म्हणाली, "बरं. फिकट दिसतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे मीच नेलं. नेलं नाही असं कुणी म्हणू नये. आणि बोललोही मीच — "डावीकडे थोडं फिकट दिसतं म्हणते." 'थोडं' हा शब्द माझा. तो तिने उच्चारलाही नव्हता. तक्त्यावरची काळी अक्षरं तिने जवळजवळ शेवटपर्यंत वाचली, त्यांनी थेंब लिहून दिले. डोळा फिरवला की आत ठणकतो, हे तिला सांगायचं होतं. तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं — पण मी तोवर खुर्चीतून उठलो होतो. असे अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी चहा ओतताना धार कपाबाहेर पडली, माझ्या हातावर. तिला कप दिसत होता, पण तो किती जवळ आहे ते कळत नव्हतं. तेव्हा कोल्हापूर गाठलं. हातखंब्याचा फाटा गेला, घाट चढलो. दृष्टीच्या मज्जातंतूचा दाह, असं निदान झालं. सलाईनमधून औषध सुरू केलं. मी विचारलं, अकरा दिवस आधी आणलं असतं तर? डॉक्टर सज्जन. म्हणाले, "फरक पडलाच असता असं नाही." त्यांनी धीर दिला, आणि मी त्यातला 'च' घेऊन घरी आलो — म्हणजे कदाचित पडलाही असता. तो 'च' नसता तर मला झोप लागली असती.

हं, यंत्र. ते तीन महिन्यांनंतर. तोवर सगळे म्हणत होते, पोर बरी झाली. तक्ता वाचत होती. मी रोज सकाळी विचारायचो, "दिसतं?" ती म्हणायची, "दिसतं." मी खूश. एप्रिलच्या तपासणीत डोळ्याच्या पडद्याची चित्रं काढली आणि ती संगणकाच्या एका प्रणालीला वाचायला दिली. नीट लिही: शेकडो रुग्णांच्या अशा चित्रांशेजारी त्यांना प्रत्यक्षात किती दिसतं हे ठेवून ती प्रणाली शिकवलेली आहे, अजून प्रयोगावस्थेत आहे, निर्णय डॉक्टरच घेतात. प्रणालीने अंदाज दिला, की हा डोळा काळी अक्षरं वाचेल, पुसट अक्षरं वाचणार नाही. तंतूंचा थर फार पातळ झाला आहे. म्हणून डॉक्टरांनी करड्या, पुसट अक्षरांचा तक्ता लावला. उजव्या डोळ्याने भार्गवीने घडाघडा वाचला. उजवा झाकून डावा डोळा उघडला आणि म्हणाली, "कागद कोरा आहे." शांतपणे. डॉक्टर म्हणाले, अहो, तीन महिने बोलला नाहीत? त्यावर ती — मी शेजारीच बसलो होतो, हर्षद, हातभर अंतरावर — ती म्हणाली, "नेमका शब्द सापडत नव्हता."

हे ती माझ्याकडे बघूनसुद्धा म्हणाली नाही. बघून म्हणाली असती तर टोमणा तरी झाला असता.

गेलेलं आता परत येण्याची आशा थोडी आहे, असं सांगितलं. उजवा डोळा जपायचा, एवढंच. तिथेही काही झालं तर पहिल्या दिवशी कळायला हवं, आणि ती मला सांगणार नाही. मी विचारतो, ती "दिसतं" म्हणते. कधी नुसती मान हलवते. सकिनाला मात्र सगळं सांगते — परवा सकिनानेच मला विचारलं, "सर, तिला संध्याकाळच्या पायऱ्या उमगत नाहीत, तुम्हाला ठावं आहे ना?" मी हो म्हणालो. खोटं बोललो.

आता तुझी बातमी. आळीत जो तो सांगतो, तूही तेच लिहून आणलं असशील — मुलीला स्वतःलाही जे कळलं नव्हतं ते यंत्राने ओळखलं. ते चूक आहे. तिला कळत होतं. पहिल्या दिवसापासून, कुणाहीपेक्षा आधी. ते ऐकून घेणारं कुणी घरात नव्हतं. हे असंच छाप, माझ्या नावासकट. — थांब, फाटक वाजलं. भार्गवी आली. वही आत घाल, आणि तिला काही विचारू नकोस. मागच्या दाराने जा. जा, म्हणतो ना.