आईने शिकवलेला फ्यूचर टेन्स

मला इंग्रजीतले काळ कोणी शिकवले, म्हणून विचारता? माझ्या आईने. आणि तिला एबीसीडीसुद्धा येत नव्हती!

मुरबाडच्या शाळेत आमचे मास्तर जमिनीवर खडूने रेघ मारायचे. "रेघेवर वर्तमानकाळ. झालेलं मागे, होणारं पुढे." 'आय वेंट' म्हणताना एक पाऊल मागे, 'आय विल गो' म्हणताना पुढे. अख्खा वर्ग नेमका उलटा जायचा, त्यात मी सगळ्यांच्या आधी. वैतागून मास्तर छत्री घेऊन तक्रार करायला आमच्या शेतावर आले.

आई भाताची लावणी करत होती. वाकूनच म्हणाली, "पोराचं काय चुकलं नाय, मास्तर. झालेलं हे बगा डोळ्यांसमोर. व्हायाचं हाय ते पाठीमागं. आमी लावत लावत मागंच जातो ना?"

मास्तरांनी बांधावरूनच तिच्या पुढ्यातली रोपं बघितली, पाठीमागचा रिकामा चिखल बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम उलटा केला आणि आठवड्याभरात आमचे काळ पक्के झाले.

मग तपासणीला साहेब आले. इंग्रजीचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे तेच ठरवणार होते. त्यांनी फ्यूचर टेन्स विचारला. आम्ही सगळे 'आय विल गो' म्हणत एकेक पाऊल मागे सरकलो.

"ही मुलं मला घाबरून पळतायत का?"

"नाही साहेब," मास्तर म्हणाले, "लावणी चाललीय."

साहेबही भातशेतीतलेच असावेत. म्हणाले, "मग ती मध्येच कोण बंद करतं?"